पावती आणि गोदामाची चावी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात महिना गेला. "आता तरी त्या कॉम्प्युटरसमोर बसणं कमी करा" असा घरातून हुकूम आहे, पण हा लेख लिहिल्यावाचून चैन पडेना.

झालं असं की, एका रविवारी न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. आमची वडिलोपार्जित जमीन रस्त्यात गेली, तिच्या मोबदल्याचे पैसे आलेत. माझ्या थोरल्या भावाचा वाटा वहिनीच्या आणि या पुतण्याच्या नावावर आला. तो म्हणाला, "काका, पैसे बँकेत नुसते पडलेत. त्यातले थोडे बिटकॉइन ईटीएफमध्ये टाकावेत असं डोक्यात आहे. आई म्हणते, काकांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. तुम्हीच सांगा."

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. चौतीस वर्षं पोरांना इतिहास आणि मराठी शिकवलं. मला बिटकॉइन माहीत नाही, ईटीएफ माहीत नाही, आणि हा मलाच विचारतोय! दुसऱ्या एखाद्याने विचारलं असतं तर "मला काही कळत नाही बाबा" म्हणून मोकळा झालो असतो. पण या पोराला मला तसं म्हणता येणार नव्हतं. त्याचं कारण शेवटी सांगतो. "आठ दिवस दे" म्हटलं आणि वही घेऊन बसलो. आठाचे एकवीस दिवस झाले. मधल्या काळात नात, जावईबापू आणि बँकेतले एक निवृत्त स्नेही, सगळ्यांना प्रश्न विचारून पिडलं.

आणि गंमत अशी की जसजसं समजत गेलं तसतसं वाटायला लागलं, अरे, हे तर आपल्या ओळखीचं आहे. ही तर पावतीची गोष्ट आहे. माल एकीकडे, कागद दुसरीकडे. आपल्या नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर, पण जुनी सवय जात नाही) या गोष्टीने रडवलंही आहे आणि वरही काढलं आहे. म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. ते लोण बघता बघता आमच्या जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेरकडे पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. वर्गात शिकवताना मी मुलांना नेहमी विचारायचो, लोकांनी काय लुटलं असेल? पोरं म्हणायची सोनं, धान्य, पैसे. पण बहुतेक ठिकाणी लोकांना हवे होते ते कागद! कर्जाची खतं, रोखे, हुकूमनामे. ते ताब्यात घ्यायचे आणि जाळायचे. कागद गुपचूप देणाऱ्या सावकाराच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही.

कागदावर एवढा राग का? कारण त्यावर काय लिहिलंय ते ज्याचा अंगठा त्यालाच वाचता येत नव्हतं. किती घेतले, किती फेडले, किती उरले, सगळं एकाच माणसाच्या वहीत. वही त्याची, पेटी त्याची, चावीही त्याचीच.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, शेतकऱ्याने करून दिलेला दस्त सरकारी निबंधकासमोर व्हायला हवा. दुसरी, पैसे फेडले की लेखी पावती मिळण्याचा आणि हिशेब मागण्याचा शेतकऱ्याला हक्क. आज हे वाचताना किरकोळ वाटेल. पण कागदावर तिसऱ्या माणसाची नजर असली पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात आलं ते असं, जाळपोळीनंतर.

आता धान्याकडे या. आमच्या आजोबांच्या काळी ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, वर तोंड मातीने बंद. ('पेव फुटणे' हा वाक्प्रचार तिथला, हे नव्या पिढीसाठी.) पेवातलं धान्य टिकायचं, पण ते दाखवून कुणी कर्ज देत नसे. आत किती आहे, चांगलं आहे की भिजलंय, हे तोंड उघडल्याशिवाय कळणार कसं? त्यामुळे शेतकऱ्याला पैशाची निकड असली की सुगीतच, भाव पडलेला असताना, माल विकावा लागे.

यावरचा उपाय म्हणजे वखार. १९५४ साली ग्रामीण पतपाहणीचा प्रसिद्ध अहवाल आला. गोरवाला समितीचा. त्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे, त्याचे पहिले अध्यक्ष. त्या अहवालात वखारींची शिफारस होती. १९५६ मध्ये कायदा झाला, १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आलं, राज्याराज्यांत महामंडळं आली. माल वखारीत ठेवा, वजन-प्रत तपासून पावती घ्या, पावती बँकेत ठेवा, कर्ज घ्या, भाव आला की विका. आपल्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना याच वाटेवरची. पुढे २००७ च्या कायद्याने तर अशी पावती एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित करण्याचीही सोय झाली.

पण पावतीची खरी शाळा मला माझ्या मामांनी शिकवली. मामा एका सहकारी साखर कारखान्यात गोदाम कीपर होते. साखर हंगामात तयार होते आणि विकली जाते वर्षभर. उसाचं पेमेंट मात्र थांबत नाही. म्हणून बँक गोदामातल्या साखरेवर मालतारण कर्ज देते. त्या गोदामाला दोन कुलपं असायची, एक कारखान्याचं आणि एक बँकेचं. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. लहानपणी मला त्याची भारी मजा वाटायची. एकदा मी पोत्यांची थप्पी बाहेरून मोजून मामांना एकूण पोती सांगितली, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. मामा हसले. म्हणाले, "थप्पी बाहेरून मोजायची नसते रे. आत पोकळ असली तर?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता समजा, गोदामात ज्वारी आहे आणि तिच्या पावत्या बाजारात विकल्या-घेतल्या जातात. ज्वारीचा भाव क्विंटलला तीन हजार, पण कुठल्याशा अफवेने पावती मिळतेय एकोणतीसशेला. चतुर व्यापारी काय करेल? पावत्या घेईल, गोदामात जाईल, ज्वारी उचलेल आणि बाजारात तीन हजाराला विकेल. हमाली जाऊन चार पैसे सुटतील. असे चार-पाच जण धावले की पावतीचा भाव आपोआप वर येतो. उलट पावती एकतीसशेला गेली, तर तोच व्यापारी बाजारातून ज्वारी घेईल, गोदामात टाकेल, नवी पावती घेऊन विकेल. भाव खाली. म्हणजे पावतीला मालाच्या भावाशी बांधून कोण ठेवतं? सरकार नाही, कुणाचा प्रामाणिकपणाही नाही. व्यापाऱ्याचा लोभ! फक्त एक अट आहे. गोदामाचं दार दोन्ही बाजूंनी उघडं हवं. माल आत टाकता आला पाहिजे आणि बाहेरही काढता आला पाहिजे.

मंडळी, हे कळलं असेल तर ईटीएफ कळला. अतिशयोक्ती करत नाही. अमेरिकेतला पहिला ईटीएफ ज्यांच्या डोक्यातून निघाला ते नेथन मोस्ट नावाचे गृहस्थ मूळचे भौतिकशास्त्राचे. पुढे खोबरेल तेलासारख्या मालाच्या व्यापारात होते, आणि तिथे माल जागेवरच ठेवून नुसत्या वखार-पावत्या हातोहात फिरताना त्यांनी पाहिल्या होत्या. नंतर ते अमेरिकन स्टॉक एक्सचेंजमध्ये गेले. १९८७ साली शेअरबाजार कोसळल्यावर त्यांनी विचार केला, तेलाच्या पावत्या फिरतात तशा शेअरच्या गठ्ठ्याच्या पावत्या का फिरू नयेत? पाचशे कंपन्यांचे शेअर एका ठिकाणी ठेवायचे आणि त्यांची पावती शेअरबाजारात विकायची. परवानग्यांत वर्षं गेली आणि जानेवारी १९९३ मध्ये ती पावती बाजारात आली. मोस्टसाहेबांचा जन्म १९१४ चा, म्हणजे तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. (आमच्या सौ.ना हे मुद्दाम वाचून दाखवलं.)

आणि मामांची पोकळ थप्पी? तीही तिकडे होतीच. १९६३ साली, पुतण्या राहतो त्याच न्यू जर्सीत, बेयॉन गावी सोयाबीन तेलाच्या टाक्या होत्या. त्यांच्या पावत्यांवर मोठमोठ्या बँकांनी कर्जं दिली. तपासनीस येत, टाकीत वरून मोजपट्टी सोडत, तेल लागे. खाली पाणी होतं! तेल पाण्यावर तरंगतं हे आपण चौथीला शिकवतो. पावत्या देणारी कंपनी अमेरिकन एक्सप्रेससारख्या बड्या घरातली, तरी कोट्यवधी डॉलर बुडाले.

आता मुंबईला येऊ. आपल्याकडे माल म्हटलं की पहिलं आठवतं सोनं. माझ्या लहानपणी, १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वर दागिने घडवायचे नाहीत. किती सोनारांची चूल बंद झाली. हा सगळा सुवर्ण नियंत्रणाचा कारभार १९९० मध्ये संपला. त्यानंतर बाराच वर्षांनी, २००२ मध्ये, मुंबईच्या बेंचमार्क म्युच्युअल फंडाने सेबीपुढे प्रस्ताव ठेवला की सोनं तिजोरीत ठेवून त्याची पावती शेअरबाजारात विकू द्या. जगात कुठेही असा फंड तेव्हा बाजारात नव्हता. पण आपले नियम म्हणत, म्युच्युअल फंड रोखे घेऊ शकतो, धातू नाही. तोवर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाने बाजी मारली, २००४ मध्ये अमेरिकेने. आपला नियम २००६ मध्ये बदलला आणि मार्च २००७ मध्ये 'गोल्ड बीज' राष्ट्रीय शेअरबाजारात आला. कल्पना मुंबईत आधी मांडली गेली, पावती मात्र मागून आली. चालायचंच!

त्याचं एक युनिट म्हणजे साधारण एक ग्रॅम सोनं. (२०१९ मध्ये त्याचे शंभर तुकडे केले, म्हणजे गरिबालाही घेता यावं. कंपनीही हात बदलत बदलत आता निप्पॉनकडे आहे.) पडद्यामागे काय चालतं ते बघा. सोन्याच्या विटा फंडाच्या ऑफिसात नसतात, त्या वेगळ्या रखवालदार संस्थेच्या तिजोरीत असतात. त्याला कस्टोडियन म्हणतात. फंडाच्या हिशेब तपासनीसाने प्रत्यक्ष सोनं तपासून दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा, असा सेबीचा दंडक आहे. आणि दाराशी ठरावीक मोठे व्यापारी, ऑथराइज्ड पार्टिसिपंट म्हणतात त्यांना. ते सोनं किंवा पैसे देऊन युनिटांचे मोठाले गठ्ठे नवे बनवून घेतात, किंवा गठ्ठे परत देऊन सोनं सोडवतात. तुम्ही-आम्ही एक-दोन युनिटं घेतो ती बाजारात दुसऱ्या कुणाकडून. आपण तिजोरीच्या दाराशी कधीच जात नाही. जातो तो व्यापारी, आणि तो आपल्यासाठी जात नाही, स्वतःच्या नफ्यासाठी जातो. पण त्याच्या या येण्या-जाण्यामुळे आपल्या हातातली पावती खरी राहते.

आणि घट? गोदामात धान्याला घट धरतातच, सुकतं, उंदीर खातात. इथेही आहे. फंडाचा खर्च भागवायला त्यातलं थोडं थोडं सोनं विकलं जातं. त्यामुळे एका युनिटामागचं सोनं वर्षागणिक किंचित कमी होत जातं. दिसत नाही, पण होतं.

आता बिटकॉइन. २००८ च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोटो या टोपणनावाने कुणीतरी एक टिपण प्रसिद्ध केलं आणि जानेवारी २००९ मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. मला नातीने सांगितलं ते असं. ही एक खतावणी आहे. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर तिची एकसारखी प्रत आहे, त्यामुळे एकट्याने खाडाखोड करून चालत नाही. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर होणार नाहीत. नाणं असं हातात काही नसतं. असते ती एक चावी, म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. ज्याला तो ठाऊक, तो खतावणीत आपली नाणी दुसऱ्याच्या नावे करू शकतो. आकडा हरवला की नाणी गेली, चोरला तरी गेली. तलाठी नाही, कोर्ट नाही.

मला १८७५ आठवलं. सावकाराच्या एकाच वहीला वैतागलेल्या लोकांना ही हजार प्रतींची वही आवडली असती. पण गंमत अशी की वही सगळ्यांची झाली तरी चावीचा प्रश्न सुटला नाही. २०१४ मध्ये टोकियोची माउंट गॉक्स ही पेढी बुडाली, लाखो नाणी गेली. लोकांनी आपापली चावी सांभाळण्याऐवजी पेढीवर नाणी ठेवली होती. जुलै २०२४ मध्ये आपल्या मुंबईच्या वझीरएक्समधून तेवीस कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली. तिथे तर मामांच्या गोदामासारखी अनेक कुलपं होती, अनेकांच्या सह्या लागत. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पडद्यावर दिसलं एक आणि सह्या झाल्या भलत्याच गोष्टीवर. न वाचलेल्या खतावर अंगठा! ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले.

म्हणूनच लोकांना वाटलं, चावीची भानगड आपल्याला नको, आपल्याला नुसती पावती द्या. अमेरिकेत अशा फंडाचा पहिला अर्ज जुलै २०१३ मध्ये झाला. तिथल्या सेबीने, म्हणजे एसईसीने, दहा वर्षं नकार दिला. म्हणणं असं की ज्या बाजारात हा माल विकला जातो तिथल्या लबाडीवर पुरेशी नजर नाही.

या दहा वर्षांतली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटली. ग्रेस्केल नावाचा एक बिटकॉइन ट्रस्ट २०१३ पासून होता. त्यात नाणी टाकून पावती घेता यायची, पण पावती देऊन नाणी परत घेता येत नव्हती. दार एकाच बाजूने उघडं! काय झालं? मागणी होती तेव्हा पावती मालापेक्षा फार महाग विकली गेली. मागणी गेल्यावर, २०२२ च्या डिसेंबरात, पावती मालाच्या जवळजवळ निम्म्या भावाला आली. आत नाणी पूर्ण होती, चोरी नव्हती. पण चतुर व्यापाऱ्याला पावत्या घेऊन माल सोडवता येत नव्हता, मग भाव वर आणणार कोण? ग्रेस्केल कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जिंकली. अखेर १० जानेवारी २०२४ रोजी एसईसीने अकरा फंडांना एकदम परवानगी दिली, तीही तीन विरुद्ध दोन मतांनी. ग्रेस्केलचं दार उघडलं आणि ती तूट बघता बघता भरून आली.

मग या नव्या गोदामात काय चालतं? व्यापारी युनिटांचे हजारोंचे गठ्ठे मागतो. सुरुवातीला त्याला नाणी आणायची परवानगी नव्हती. त्याने डॉलर द्यायचे आणि फंडाने नाणी विकत घ्यायची. जुलै २०२५ मध्ये नाणी देऊन-घेऊन व्यवहार करायलाही मान्यता मिळाली. नाणी, म्हणजे चाव्या, कस्टोडियनकडे. बहुतेक चाव्या इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रांत ठेवतात. दिवसाचा हिशेब करायला भाव कुठला धरायचा, हाही प्रश्न आहे, कारण बिटकॉइनचा बाजार चोवीस तास, ठिकठिकाणी चालतो. तर ब्लॅकरॉकच्या फंडासाठी न्यूयॉर्कच्या दुपारी तीन ते चार या तासातल्या काही बाजारांतल्या व्यवहारांवरून एक दर काढतात. आपल्या बाजार समितीच्या फळ्यावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव लिहितात ना, त्यातला हा सर्वसाधारण. घटही आहे. त्याच फंडाचा खर्च वर्षाला पाव टक्का, तो आतल्या नाण्यांतूनच जातो.

थप्पी आतून मोजता येते का? सोन्यापेक्षा बरी, कारण खतावणी सर्वांना दिसते. एका फंडाने तर आपला खतावणीतला पत्ताच जाहीर केला, या आणि बघा. पण मला एक गोष्ट टोचली. सुरुवातीच्या अकरा फंडांपैकी आठांचा रखवालदार एकच, कॉइनबेस. अकरा दुकानं आणि आठांच्या गोदामाला एकाच घरचं कुलूप. मामांना हे पटलं नसतं.

आपल्याकडे मात्र असा फंड नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तो आदेश रद्द केला आणि २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर लागला. शेअरबाजारात बिटकॉइनची पावती विकायला परवानगी मिळालेली नाही.

आता ते कारण, जे शेवटी सांगतो म्हटलं होतं.

मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या भागात पतसंस्थांचं पेव फुटलं होतं. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज. अशाच एका पतसंस्थेत (नाव लिहीत नाही) मी फंडातले तीन लाख ठेवले. आणि माझ्या थोरल्या भावालाही सांगितलं, "दादा, तिथे ठेव. माणसं ओळखीची आहेत." दादा शेतकरी. माझं शिक्षण जास्त म्हणून माझा शब्द त्याला प्रमाण. त्याने दोन लाख ठेवले. पावत्या छान होत्या, जाड कागद, वर लक्ष्मीचं चित्र, खाली शिक्का आणि दोन सह्या. चार वर्षांनी एका सकाळी शटर उघडलंच नाही. कर्जं कुणाला दिली, वसुली किती, काही कळेना. पतसंस्थेच्या ठेवींना बँकेसारखं ठेव-विम्याचं संरक्षण नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतिहासाच्या मास्तरला!

दादा नंतर आठ वर्षं होता. एका शब्दाने बोलला नाही. एकदाच म्हणाला, "जाऊ दे रे, तुझेही गेले ना." ते जास्त लागलं. त्या दोन्ही पावत्या माझ्या ट्रंकेत आहेत. दादाची वहिनीने मला आणून दिली होती, पाठपुरावा करायला. काही झालं नाही.

ईटीएफचा अभ्यास करताना त्या पावत्या काढून पुन्हा बघितल्या. त्या पावतीमागे माल काय होता, मी विचारलं नव्हतं. चावी कुणाकडे, विचारलं नव्हतं. सगळ्यात मुख्य म्हणजे दाराशी जाऊन रोजच्या रोज दार वाजवून बघणारा एकही लोभी व्यापारी तिथे नव्हता. होती ती माझ्यासारखी भली माणसं, ओळखीवर विसंबलेली. भल्या माणसांनी दार वाजवलं तेव्हा उशीर झाला होता.

पुतण्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही कळेल.

म्हटलं, बाळा, मला समजलं ते एवढंच. ही पावती म्हणून चांगली बांधलेली आहे. माझ्या त्या पावतीपेक्षा शंभर पटीने चांगली. माल वेगळा, रखवालदार वेगळा, हिशेब वेगळा, दार दोन्हीकडून उघडं. पण पावती चांगली म्हणजे माल चांगला असं नव्हे. पावती एवढंच सांगते की आत नाणं आहे. नाण्याला उद्या काय भाव येईल ते ती सांगत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात एक नाणं एकोणसत्तर हजार डॉलरच्या जवळ होतं, वर्षभराने सोळा हजाराच्या आसपास. ज्वारीचा भाव पडला तर आपण ती घरी आणून भाकरी करून खातो. याची भाकरी होत नाही. आणि रखवालदार चुकला तर काय, हे तिथल्या कागदपत्रांत लिहिलेलं असेल, ते वाच. न वाचता अंगठा देऊ नकोस.

"म्हणजे घेऊ की नको, काका?"

म्हटलं, तुझ्या कमाईतले, निम्मे झाले तरी झोप लागेल एवढे, तुझे तू ठरव. मी अडवणार नाही. आईच्या वाट्याचे मात्र बँकेतच राहू देत, दोन-तीन बँकांत विभागून. ठेव-विमा २०२० पासून एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे, तोही हिशेब धर. तिच्या नवऱ्याचे एकदा गेलेत माझ्या शब्दावर.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बाबांनी मला कधीच सांगितलं नाही ते तुमच्या सांगण्यावरून ठेवले होते म्हणून."

मला वाटत होतं त्याला माहीत आहे. इतकी वर्षं मी त्याच्या नजरेला नजर देताना चाचरायचो. आणि दादाने पोराला सांगितलंच नव्हतं.

असो. दादाची पावती आता वेगळ्या पाकिटात घालून ठेवलीय. पुतण्या दिवाळीत येणार आहे, तेव्हा त्याच्या हातात देईन. पैसे मिळायचे नाहीत, पण ती त्याची आहे.

वखार-पावती, सोन्याचे फंड किंवा पतसंस्था यांबद्दल तुमचे बरे-वाईट अनुभव असतील तर जरूर लिहा. आणि जुन्या पेवांबद्दल घरात कुणी काही सांगितलेलं आठवत असेल तर तेही. पुढचा लेख त्यावरच लिहावा असं मनात आहे.